लोडशेडिंगचं तिसरं कडवं

येवल्याला जाऊन आले म्हटलं की नाशकात पहिला प्रश्न येतो, "पैठणी केवढ्याला घेतली?" शेजारणीनं विचारलं, भाजीवालीनं विचारलं, दाताच्या डॉक्टरनं तर माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं, म्हणजे मला उत्तरही देता येईना. घेतली नाही म्हणावं तर लोक असे बघतात की बाई गडावर गेली आणि देवीचं दर्शन न घेताच खाली उतरली. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. मी येवल्याला साडी आणायला गेले नव्हते. मी एका गाण्याचं तिसरं कडवं शोधायला गेले होते.

मी नंदा. वय त्रेसष्ट. सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. पण त्याआधी, ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला, मी एका रॉक बँडमध्ये गात होते. हे माझ्या सुनेला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं आधी माझं बीपी तपासलं.

बँड एकलहऱ्याच्या कॉलनीतला. माझे वडील तिथल्या वीज केंद्रात फोरमन होते. माधव हा कॉलनीतल्या शाळेच्या गुरुजींचा मुलगा. तो गिटार वाजवायचा, गाणी तोच लिहायचा, चालीही त्याच्याच. अन्वर येवल्याचा, घरी पैठणीचे हातमाग. आयटीआय करून वीज केंद्रात अप्रेंटिस म्हणून आला होता आणि ड्रम वाजवायचा. बाळू बेस गिटार वाजवायचा, म्हणजे वाजवतो असं तो म्हणायचा, आम्हाला ती कधी ऐकू आली नाही. बँडचं नाव माधवनं ठेवलं, 'लोडशेडिंग'. जिथं वीज तयार होते तिथलीच पोरं आणि नाव काय तर लोडशेडिंग! माझे वडील दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. नियम एकच होता, सिनेमातलं गाणं वाजवायचं नाही. त्या काळी गावोगाव ऑर्केस्ट्रा फिरत आणि लोकांना तेवढंच माहीत. "आम्ही ऑर्केस्ट्रा नाही" हे समजावण्यात आमचा निम्मा कार्यक्रम जायचा आणि उरलेल्या निम्म्यात लोक फर्माइशींच्या चिठ्ठ्या पाठवायचे.

वडिलांनी मला गाऊ दिलं ते एका अटीवर. तिन्ही पोरांनी मला ताई म्हणायचं. अन्वर आणि बाळू लगेच ताई म्हणायला लागले, दोघंही माझ्याहून वयानं मोठे असून. माधव म्हणाला नाही. नावानंही त्यानं कधी हाक मारली नाही. दीड वर्षं तो मला नुसतं "ए" म्हणत होता, आणि वडील समोर असले की तेही नाही, नुसता खोकायचा.

एका हिवाळ्यात आम्ही द्राक्षाच्या टेम्पोतून सात गावं केली. टेम्पोत ड्रम, दोन गिटारी, माधवनं जुन्या रेडिओंचे भाग जोडून केलेला अँप्लिफायर, वर गाद्या आणि गाद्यांवर आम्ही. माझ्यासोबत आत्या असायची, ती कानात कापूस घालून पहिल्या रांगेत बसायची. शेवटचा कार्यक्रम येवल्याला होता. त्या संध्याकाळी स्टेजवर चढता चढता माधवनं माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. शेवटच्या गाण्याला तोवर दोनच कडवी होती, हे तिसरं. "आधी वाचू नकोस," तो म्हणाला, "थेट माईकवर म्हण." मी दुसरं कडवं संपवलं आणि गावाची वीज गेली. माईक बंद, गिटारी बंद. मी अंधारात गात राहिले, अन्वर वाजवत राहिला आणि लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं. एवढं सगळं आठवतं. मी काय गायले त्यातला शब्द मात्र एक आठवत नाही. पुढं दोन महिन्यांत माझं लग्न ठरलं आणि बँड तिथंच आटोपला.

माधव गेल्या दिवाळीनंतर गेला. बाळू आता मुलाकडे ऑस्ट्रेलियात असतो. त्यानं येवल्याच्या कार्यक्रमाची जुनी टेप कुठून तरी मोबाईलवर उतरवून घेतली आणि मला पाठवली. टेपरेकॉर्डर विजेवरचा. दुसरं कडवं संपतं, माझा श्वास घेतल्याचा आवाज येतो, मग खट्, आणि पुढं काही नाही. किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. माणूस गेला आणि त्यानं लिहिलेलं शेवटचं कडवं, जे फक्त मीच म्हटलं, ते मला आठवू नये? मला स्वतःची लाज वाटली. बाळूला विचारलं तर म्हणाला, "ताई, मला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही." म्हणजे उरला एकटा अन्वर, आणि तो फोनवर बोलायला पहिल्यापासून कंजूष. तिथं जाणं भाग होतं.

आमच्या ह्यांना गाण्यातलं एवढंच कळतं की ते संपलं की टाळ्या वाजवायच्या. पण माणूस भला. म्हणाले, "जाऊन ये बाई. नाहीतर अशीच गुणगुणत राहशील आणि आमटीत रोज दोनदा मीठ पडेल."

एकलहरे

थेट येवल्याला जायचा धीर होईना म्हणून पहिल्या दिवशी एकलहऱ्याला गेले. घरापासून तासाभराचं अंतर, पण वडील निवृत्त झाल्यावर मी तिकडं दोनदाच फिरकले असेन. नाशिकरोडहून रिक्षा केली. वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तशी मी डोळे पुसायला लागले. रिक्षावाला म्हणाला, "धूळ हाय मावशी, रुमाल लावा." लावला.

कॉलनीच्या हॉलला कुलूप. वॉचमन खुर्चीवर बसून डबा खात होता. "कुणाकडं जायचं?"

"कुणाकडं नाही. या हॉलमध्ये आम्ही सराव करायचो, तेवढा बघायचा होता."

"कशाचा सराव? भजन का?"

"बँड."

"लग्नातला?"

घ्या! इथंच जन्मलेला बँड आणि इथंच ही अवस्था. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि भाकरीचा तुकडा मिरचीच्या ठेच्यात बुडवत होता. मग त्यानं कुलूप उघडलं. आत काही राहिलं नव्हतं, मोडक्या खुर्च्या आणि कबुतरं. पण स्टेज तेच, सिमेंटचं, डाव्या कोपऱ्यात टवका उडालेलं. त्या कोपऱ्यात अन्वर बसायचा. मधे मी. उजवीकडं खिडकीला पाठ लावून माधव. पाळीचा भोंगा वाजला की आम्ही थांबायचो, कारण भोंग्यापुढं आमचा अँप्लिफायर काहीच नव्हता. माधव म्हणायचा, "भोंगा आपला पाचवा मेंबर आहे, आणि तोच एकटा वेळेवर येतो."

मी मधल्या जागी उभी राहिले आणि दुसरं कडवं म्हणून पाहिलं, हळूच. आवाज फाटला, वरचा सूर लागलाच नाही. कडवं संपलं, मी श्वास घेतला आणि पुढं काही आलं नाही. मोबाईलवरच्या टेपसारखीच मीही तिथंच बंद पडले. माधव, कसं विसरले रे मी, असं मोठ्यानं म्हणाले. कबुतरं उडाली.

वॉचमन दारात उभा होता. "आवाज बरा हाय की मॅडम," तो म्हणाला. "पण हे काय कळलं नाय. एखादं पिच्चरचं म्हणा ना."

चाळीस वर्षं झाली, फर्माईश तीच! मला इतकं हसू आलं की डोळ्यातून पाणी आलं, आणि मग त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती ते समजेना. त्यानं त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. ठेचा जबरदस्त होता.

पिंपळगाव बसवंत

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं निघाले. आम्हा बायकांना आता अर्धं तिकीट असतं, त्यामुळे गाडीत बायकाच बायका. शेजारी बसलेली बाई लेकीच्या बाळंतपणाला चालली होती. तिनं ओझरपर्यंत डिंकाच्या लाडवाचं प्रमाण सांगितलं आणि मग विचारलं, "तुम्ही कुठं?" मी म्हटलं, येवल्याला. "पैठणी का?" मी हो म्हणून टाकलं. कुठं सगळं परत सांगत बसायचं?

पिंपळगावात उतरले आणि आधी मिसळ खाल्ली. शहरात आता मिसळीबरोबर पापड, दही, जिलबी, गुलाबजाम असं काय काय देतात, मूळची मिसळ शोधावी लागते. इथं अजून ताटलीत मटकी, वर शेव, रस्सा, कांदा, पाव. तर्री बघून नाक आधीच वाहायला लागलं. पैसे देताना मालकाला विचारलं, "कारभारी अण्णा कुठं भेटतील?" तो म्हणाला, "पॅकहाऊसवर. आता सीझन हाय, देव आला तरी अण्णा तिथंच भेटणार."

कारभारी अण्णा त्या वेळी गावातल्या नवयुवक मंडळाचे सेक्रेटरी. आमचा पिंपळगावचा कार्यक्रम त्यांनी ठरवला होता. आता पंच्याहत्तरीला आलेत, द्राक्षाचा व्यापार मुलं बघतात आणि मुलांकडं अण्णा बघतात. पॅकहाऊसमध्ये बायकांच्या रांगा, हातात बारक्या कात्र्या, घडातला खराब मणी कातरून टाकायचं काम चाललेलं. अण्णांनी मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, मी लोडशेडिंगमधली."

"आगं बाय!" अण्णा खुर्चीतून उठलेच. "ओ पोरींनो, कात्र्या ठेवा खाली! ही बाई कोण हाय माहीत हाय का? हिनं सगळ्या पिंपळगावाला येडं केलं व्हतं!"

मग अण्णांनी सांगितलेली हकीकत मी त्यांच्याच शब्दांत देते, कारण माझ्या शब्दांत तिची मजा जाईल.

"मंडळानं बोर्ड लावले. 'शनिवारी सायंकाळी ठीक सात वाजता, बाजारतळावर, लोडशेडिंग. सर्वांनी लाभ घ्यावा.' झालं! लोकांनी वाचलं आन पटापटा कामाला लागले. बाया शनिवारी पहाटंच दळणं घेऊन गिरणीवर, ही लाईन. मळ्यातल्या मोटारी दुपारीच चालवून पाणी भरून घेतलं. साडेसहाला समदे कंदील पेटवून वट्यावर बसले. सात वाजले, लाईट जाईना. सव्वासात वाजले, लाईट जाईना! लोक लय खवळले. म्हणले, बोर्ड लावत्यात आन लाईट घालवत नायत, ह्यांचं एक काम येळेवर व्हत नाय! मंग लाईट का जात नाय ते इचारायला समदं गाव कंदील घिऊन बाजारतळावर आलं. आन तिथं ही बाई वरडत हुती."

कात्र्या हातात धरून बायका खो खो हसत होत्या. मीही हसले. खरंय ते. बाकीच्या सहा गावांत पिंपळगावइतकी गर्दी आम्हाला कुठंच मिळाली नाही. कंदील घेऊन भांडायला आलेले लोक शेवटी कंदील हलवत डोलत होते, आणि माधव गिटार वाजवता वाजवता माझ्याकडं बघून हसत होता. तो हसला की त्याचा एक डोळा मिटायचा. कितीतरी वर्षांनी मला तो डोळा आठवला.

अण्णांनी द्राक्षाचा घड पाण्याखाली धरून माझ्या हातात दिला. "गुरुजींचा माधव कसा हाय?"

मी सांगितलं. अण्णा खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चांगलं पोरगं व्हतं," ते म्हणाले. "तुमच्याकडं बघूनच वाजवायचं. आमची मंडळी तवाच म्हणली, ह्या दोघांचं जमणार."

"काहीतरीच काय अण्णा. आम्ही बहीण-भावासारखे होतो." तोंडातून निघालं खरं, पण माझं मलाच पटलं नाही.

"मंग का नाय जमलं?" अण्णांनी माझं बोलणं ऐकलंच नव्हतं.

या वयाला खोटं बोलून काय मिळणार होतं? मी म्हटलं, "कुणी विचारलंच नाही."

अण्णांनी पोराला हाक मारून माझ्यासाठी द्राक्षाची पेटी बांधायला सांगितली. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. एसटीत येवल्यापर्यंत ती पेटी मांडीवर घेऊन बसले. निफाड गेलं, विंचूर गेलं, दोन्हीकडं कांद्याची हिरवीगार शेतं, आणि मला त्यातलं काही धड दिसलं नाही. कुणी विचारलंच नाही, हे वाक्य मी आजवर मनातल्या मनात पुष्कळदा म्हटलं होतं. मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं होतं, आणि ते ऐकायला फार वाईट वाटत होतं. माझी एकच इच्छा उरली होती, ते कडवं मिळावं. विचारलं नाही तर नाही, निदान त्यानं मला काय गायला लावलं ते तरी माझ्याजवळ असावं.

येवला

अन्वर स्टँडवर आला होता. दाढी पांढरी, कंबर थोडी वाकलेली, पण चालताना उजव्या हाताची बोटं मांडीवर वाजत होती. "ताई," म्हणाला, आणि पेटी माझ्या हातातून घेतली. बास. एवढंच. म्हटलं ना, बोलायला पहिल्यापासून कंजूष.

वीज केंद्रात त्याला नोकरी लागली नाही. तो येवल्याला परत आला आणि वडिलांच्या मागावर बसला. आता घरात दोन माग, एकावर तो, एकावर मुलगा. त्याची बायको, रेहानाभाभी, मला पहिल्यांदाच भेटत होती, पण असं वाटलं की मीच काल इथून गेले आणि छत्री विसरले म्हणून परत आले. जेवायला शेवभाजी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. मी नाशिकचा चिवडा नेला होता. भाभींनी चव घेतली आणि म्हणाल्या, "छान आहे, पण कांदा कमी." कांद्याच्या गावात चिवडा नेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

त्यांची सून कुठल्या गल्लीत पैठण्या स्वस्त ते सांगत होती, नातवंडं माझ्या मोबाईलवर टेप ऐकून हसत होती. "ये दादा बजा रहे?" म्हणून विचारत होती. त्या गोंगाटात मी अन्वरला दोनदा विचारायला गेले. तो म्हणाला, "सकाळी बोलू, ताई. मागावर बसलो की डोकं जागेवर असतं."

सकाळी चहा झाल्यावर मी मागाच्या खोलीत गेले. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून अन्वर बसलेला, पुढं जांभळं रेशीम ताणलेलं. मोराचं काम आदल्या दिवशी संपलं होतं, आता साधं विणकाम होतं. पाय दाबायचा, दोऱ्याचा धोटा सरकवायचा, वीण घट्ट बसवायला फणी ठोकायची. एका लयीत. तो ड्रम कुठं शिकला हे मला चाळीस वर्षांनी समजलं.

मी समोर पाटावर बसले. "अन्वर, त्या दिवशी अंधारात मी जे म्हटलं त्याचे शब्द सांग मला. मी विसरले."

"कुठले शब्द?"

"तिसरं कडवं रे. वीज गेल्यावर म्हटलं ते."

फणी थांबली. "तिसरं कडवं तुम्ही म्हटलंच नाही, ताई."

"असं कसं? मी गात होते!"

"गात होतात. पण पहिलंच कडवं. फिरून फिरून, चार वेळा. वाजवत कोण होतं? मी मोजलं ना."

मग सगळं डोक्यात आलं. अंधार होता. कागद हातात होता. अंधारात कागद वाचता येत नाही. हे गणित चौथीतलं पोरगं सोडवेल, आणि मी गणिताची बाई, चाळीस वर्षं समजत होते की मी ते कडवं म्हटलं! म्हटलं असतं तर आठवलं नसतं का? मी विसरले नव्हतेच. मला ते कधी माहीतच नव्हतं.

"मग चिठ्ठी?"

"ते तुम्हाला माहीत." अन्वरनं तुटलेला धागा जोडला. "दुसऱ्या दिवशी टेम्पोत माधवनं विचारलं तुम्हाला. मी मागंच बसलो होतो. तो म्हणाला, वाचलं का? तुम्ही म्हणालात, हो, छान आहे. तो म्हणाला, मग? तुम्ही म्हणालात, बघू."

आठवलं. त्यानं सांगितलं आणि लख्ख आठवलं. चिठ्ठी गर्दीत माझ्या हातातून कुठं पडली मला माहीत नव्हतं. त्यानं एवढं लिहून दिलं आणि मी हरवलं, हे सांगायला तोंड नव्हतं. म्हणून म्हटलं, छान आहे. त्याच्या 'मग?'चा अर्थ मला वाटला, मग पुढच्या कार्यक्रमात म्हणशील का. म्हणून म्हटलं, बघू.

बघू! आपल्याकडे बघू म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन "बघू, कळवतो" म्हणून गेले की आई पुढच्या स्थळाचा पत्ता काढते. तोंडावर नाही म्हणायचं नाही म्हणून आपण बघू म्हणतो. माधव काही परक्या मुलखातला नव्हता. त्याला जे कळायचं ते कळलं. तो परत कधी बोलला नाही. माझ्या लग्नात मांडवाची लायटिंग त्यानंच केली.

"त्यात होतं काय, अन्वर?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही वाचलं म्हणालात ना." त्यानं धोटा खाली ठेवला. "त्यानं इथंच बसून लिहिलं, ताई. ह्याच खोलीत, कार्यक्रमाच्या दुपारी. अब्बा विणत होते. मला वाचून दाखवलं. सगळं आता नाही आठवत. शेवटची ओळ आठवते, कारण तिथं मला थांबायचं होतं."

"सांग."

"'दिवे गेले तर जाऊ देत, तू थांबशील का?' आणि पुढं चार मात्रा रिकाम्या. ड्रम नाही, गिटार नाही. मी त्याला म्हटलं, रिकाम्या कशाला सोडतो? लोकांना वाटेल आपण विसरलो. तर म्हणाला, राहू दे. त्या तिच्या आहेत."

मी रडले. लपवत नाही, त्या पाटावर बसून पदर तोंडाला लावून रडले. मला माझा संसार बदलून नको आहे. माणूस चांगला मिळाला, पोरं चांगली निघाली, मी सुखात आहे, आणि हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. पण कुणी विचारलंच नाही असं म्हणत मी जन्म काढला, आणि त्यानं विचारलं होतं. नीट, चालीत बसवून, सगळ्या गावासमोर विचारलं होतं. उत्तराला जागासुद्धा ठेवली होती. आणि ज्याला उत्तर द्यायचं तो माणूस आता नाही.

थोड्या वेळानं अन्वरनं पाय दाबला, धोटा सरकवला आणि फणी ठोकली. पुन्हा. पुन्हा. ती विणण्याची लय नव्हती, ती आमच्या गाण्याची होती. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, सरावाला हलवायचा तशी.

मी पहिलं कडवं म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसऱ्याची शेवटची ओळ तेवढी म्हटली, ज्या चालीत बसली त्या चालीत. फणी थांबली. एक, दोन, तीन, चार. माझ्या तोंडून काही निघालं नाही. अन्वरनं परत सुरुवात केली. मी परत ती ओळ म्हटली. फणी थांबली.

"हो," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं.

आतून रेहानाभाभींनी विचारलं, "ताई कुणाला हो म्हणाल्या?"

"माधवला," मी म्हटलं.